चिझिकच्या बागेपासून वसईच्या किल्ल्यापर्यंत

२०१६च्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार होता, २९ तारीख. त्या आठवड्याअखेरीस एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक इंग्रजी गाणं येऊन पडलं. खाली कुणीतरी एवढंच लिहिलं होतं, ‘आपला किल्ला बघा’. गाणं कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं होतं, ‘हिम फॉर द वीकएन्ड’. दिग्दर्शक बेन मॉर यांनी ते २०१५च्या ऑक्टोबरात आपल्याकडे येऊन चित्रित केलं होतं. रंग उधळणारी पोरं, काळीपिवळी टॅक्सी, वरळी गावातल्या गल्ल्या, जुन्या थिएटरच्या पडद्यावर नायिका झालेली बियॉन्से, मधूनच दिसणारी सोनम कपूर. आणि ज्या ठिकाणी हे चित्रीकरण झालं, त्यात आमचा वसईचा किल्ला.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. स्टेशनच्या पलीकडे, पारनाक्याच्या पुढे लहानपणापासून सहली काढलेली ती जागा जगभरात पोहोचली, याचा आनंद खरा होता. पण मला तेव्हापासून एक प्रश्न पडला. ब्रिटनमधल्या गाण्याला चित्र लागतंच कशासाठी? आणि लागलं, तर ते शोधत त्यांना वसईपर्यंत का यावं लागलं? उत्तर शोधायला पन्नासेक वर्षं मागं जावं लागतं.

बीबीसीने १ जानेवारी १९६४ रोजी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम सुरू केला. पहिले कार्यक्रम मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओतून झाले. त्या आठवड्यात जी गाणी जास्त खपली, ती गाणाऱ्यांनी स्टुडिओत यायचं आणि रेकॉर्डबरोबर ओठ हलवायचे, अशी साधी रीत. अडचण एकच होती. गाणं गाजलं की गाणारे दौऱ्यावर जात, आणि नेमके हवे तेव्हा हजर नसत. मग त्यांच्या जागी फिल्म दाखवायची सोय निघाली. आज ज्याला आपण म्युझिक व्हिडिओ म्हणतो, तो सुरुवातीला गैरहजर गायकाचा बदली माणूस होता.

बीटल्सना तर स्टुडिओत येणंही कठीण होऊन बसलं होतं. बाहेर चाहत्यांची झुंबड, आत ओरडा. म्हणून २३ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांनी लंडनजवळच्या ट्विकनहॅम स्टुडिओत एकाच दिवसात पाच गाण्यांच्या दहा फिल्म उरकून टाकल्या. उरकल्याच म्हणायच्या, कारण त्यांत कल्पनेचं काम फारसं नव्हतं. खरा फरक पडला पुढच्या वर्षी. २० मे १९६६ रोजी दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉग यांनी चौघांना लंडनच्या पश्चिमेला चिझिक हाउसच्या बागेत नेलं आणि ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांच्या फिल्म तिथे केल्या. जुने पुतळे, मोठमोठी झाडं, त्यांच्यात बसलेले, हिंडणारे चार तरुण. प्रेक्षक नाहीत, मैफलीचा आव नाही. गाणं एकीकडे चाललंय आणि डोळा दुसरीकडे फिरतोय, ही मुभा तिथे मिळाली. १९६७च्या जानेवारीत स्वीडिश दिग्दर्शक पीटर गोल्डमन यांनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’साठी केंटमधल्या नोल पार्कात तारा ताणलेला पियानो झाडाखाली मांडला आणि फिल्म मध्येच उलटी फिरवली. गाण्यात जे नव्हतं, ते चित्रात आलं.

हे ब्रिटनमध्येच का घडलं, याचं एक कारण तिथल्या कलाशाळांत आहे. जॉन लेननपासून पुढे कितीतरी गायक-वादक चित्रकला किंवा जाहिरातकला शिकता शिकता संगीतात आले. त्यांच्या मनात गाणं आणि त्याचं चित्र एकदमच उमटत असावं, असं मला वाटतं. या मंडळींतल्या एकाचं नाव तर आपल्या सह्याद्रीशी जोडलेलं आहे.

फारोख बलसारा हा १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आडनाव बलसारचं, म्हणजे आपल्या विरारच्या पुढे रुळांनी सरळ गेलं की लागणाऱ्या वलसाडचं. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथे तो पियानो शिकला आणि १९५८ साली शाळेतल्या मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून वाजवू लागला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक कलेचं शिक्षण घेतलं. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

क्वीन या त्याच्या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५च्या हिवाळ्यात आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, मध्ये ऑपेराचा तुकडा, आवाजावर आवाज चढवलेले. हे टॉप ऑफ द पॉप्सच्या स्टुडिओत चौघांनी ओठ हलवून कसं दाखवायचं? शिवाय दौरा तोंडावर आलेला. तेव्हा दौऱ्याची तालीम चाललेल्या एल्स्ट्री स्टुडिओतच १० नोव्हेंबरला दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी बाह्यचित्रणाची गाडी आणून उभी केली. चारेक तासांत काम संपलं. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. अंधारातून वर पाहणारे चार चेहरे ही मूळ कल्पना त्यांच्या आधीच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावरची. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे झाले ते कॅमेऱ्यापुढे बसवलेल्या पैलूदार भिंगामुळे. आणि दूरवर विरत जाणारी चेहऱ्यांची रांग कॅमेरा त्याच्याच मॉनिटरवर रोखून मिळाली. संगणक नाही, नंतरची कारागिरी नाही. दहा दिवसांनी तो व्हिडिओ टीव्हीवर लागला आणि गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाणं चांगलं होतंच, पण व्हिडिओने ते घराघरांत नेलं हे कंपन्यांच्या लक्षात आलं. तिथून पुढे व्हिडिओ हा खर्चाच्या अंदाजपत्रकातला कायमचा रकाना झाला.

यानंतरची पाचसात वर्षं फार वेगाची. डेव्हिड मॅलेट यांनी १९८० साली डेव्हिड बोवीबरोबर ‘अ‍ॅशेस टु अ‍ॅशेस’ केलं. विदूषकाच्या वेषातला बोवी समुद्रकिनाऱ्यावरून चालतो आणि त्याच्यामागून बुलडोझर येत राहतो. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण लंडनमध्ये काम करणारे रसेल मल्काही यांनी १९७९ साली बगल्सच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’चा व्हिडिओ केला होता. १ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्री अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं, तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला. अमेरिकन वाहिनीवर चोवीस तास व्हिडिओ दाखवायचे होते आणि अमेरिकेकडे ते पुरेसे नव्हते. ब्रिटनकडे मात्र बीबीसीच्या सवयीमुळे साठा तयार होता. त्यामुळे १९८३च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत निम्म्याच्या आसपास गाणी ब्रिटिश होती. गैरहजर गायकाच्या सोयीसाठी काढलेली फिल्म आता निर्यातीचा माल झाली होती.

पैसा आला तशी विमानंही आली. १९८२ साली मल्काही ड्युरॅन ड्युरॅन या ब्रिटिश बँडला घेऊन श्रीलंकेत उतरले. ‘सेव्ह अ प्रेअर’मध्ये सिगिरियाचा कडा आणि पोलोन्नरुवाच्या बुद्धमूर्ती दिसतात. ‘हंग्री लाइक द वुल्फ’मध्ये बाजार, हत्ती, जंगल. दिसायला ते फार देखणं आहे, मोह पडावा असं. पण त्या चित्रांत श्रीलंका म्हणजे गोऱ्या तरुणांच्या मागचा रंगीत पडदा आहे. तिथली माणसं असतात, पण त्यांना काही म्हणायचं नसतं. ब्रिटिश पॉपचा कॅमेरा आणि आशियातले अवशेष यांची ही गाठ तेव्हा पडली. वसईच्या किल्ल्याकडे यायची वाट मला तिथे सुरू झालेली दिसते.

त्याच काळात दुसरी वाट घरातच बसून काढली जात होती, आणि माझा जीव तिच्यात अधिक गुंततो. १९८५ साली स्टीव्ह बॅरन यांनी आहा या नॉर्वेच्या बँडसाठी ‘टेक ऑन मी’ केलं. त्यात चित्रकथेतला नायक हात बाहेर काढून मुलीला आत ओढतो. चित्रीकरणाच्या सुमारे तीन हजार चौकटी पेन्सिलने हाताने गिरवायला सोळा आठवडे लागले. १९८६ साली पीटर गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’साठी दिग्दर्शक स्टीफन जॉन्सन आणि ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओतली मंडळी यांनी गेब्रिएलला काचेखाली सोळा तास पडून राहायला लावलं. वरच्या वस्तू तसूतसूभर सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या. त्या व्हिडिओला १९८७ साली एमटीव्हीची नऊ पारितोषिकं मिळाली. आपल्या घरच्या गणपतीपुढे थर्माकोलची आरास करताना ज्याने रात्र जागवली असेल, त्याला ही चिकाटी सांगावी लागणार नाही.

इतकं असूनही या दिग्दर्शकांची नावं लोकांना माहीत नव्हती. गाण्याखाली गायकाचं आणि कंपनीचं नाव यायचं, दिग्दर्शकाचं नाही. एमटीव्हीने ते द्यायला सुरुवात केली ती १९९२च्या अखेरीस. मग नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये एक पिढी नावानिशी पुढे आली. जोनाथन ग्लेझर यांनी १९९६ साली जमिरोक्वायच्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’त एक पांढरी खोली बांधली. बघणाऱ्याला वाटतं जमीन सरकतेय आणि गायक तिच्यावर तोल सांभाळत नाचतोय. खरं तर जमीन जागची हलत नव्हती. भिंती चाकांवर होत्या, कॅमेरा भिंतीबरोबर सरकत होता, आणि सरकणारं सामान भिंतीला जोडलेलं होतं. एवढी एक युक्ती, तीही सुतारकामाची. क्रिस कनिंगहॅम यांनी १९९९ साली ब्यॉर्कच्या ‘ऑल इज फुल ऑफ लव्ह’मध्ये दोन यंत्रमानवांना इतक्या हळुवारपणे जवळ आणलं की पोलाद मऊ वाटू लागतं. वॉल्टर स्टर्न यांनी १९९७ साली ‘बिटर स्वीट सिम्फनी’च्या गायकाला लंडनच्या हॉक्स्टन रस्त्यावरून सरळ चालवत नेलं, समोरून येणाऱ्यांना धक्के देत. गार्थ जेनिंग्ज आणि त्यांच्या साथीदाराने ‘कॉफी अँड टीव्ही’त दुधाच्या खोक्याला पाय फोडून घरातून निघून गेलेल्या मुलाच्या शोधात धाडलं. यांतल्या कुणाला हत्ती लागले नाहीत, समुद्रही लागला नाही.

आपल्याकडे हे सगळं पोहोचलं उपग्रहामुळे. दूरदर्शनवर गाणं म्हणजे चित्रहार आणि छायागीत, म्हणजे सिनेमातलंच. १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं, १९९४ साली चॅनेल व्ही, १९९६ साली एमटीव्ही इंडिया. एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहती वसई स्टेशनच्या पूर्वेला उभ्या राहत होत्या तो हाच काळ. इमारतीत पाणी टँकरने यायचं, पण गच्चीवरून केबलवाल्याची वायर आधी उतरायची. ‘सिनेमात नसलेलं गाणं’ ही वस्तू आमच्या पिढीने तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि तिला ‘अल्बमचं गाणं’ असं नाव देऊन टाकलं. १९९५ साली केन घोष यांनी दिग्दर्शित केलेला अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आला. त्यात मिलिंद सोमण होता. गाणं रचणारे बिद्दू मूळचे बंगळूरचे, पण कारकीर्द घडली ती लंडनमध्ये. म्हणजे आपल्या सुरुवातीच्या गाजलेल्या पॉप व्हिडिओतही लंडनचा धागा होता. नव्या शतकाच्या सुरुवातीला अवधूत गुप्ते यांच्या संगीतावर वैशाली सामंत यांनी गायलेलं ‘ऐका दाजिबा’ आलं आणि मराठी गाण्यालाही सिनेमाबाहेरचा चेहरा मिळाला. त्यात दिसणारे मिलिंद गुणाजी महाराष्ट्रातल्या घराघरांत किल्ले दाखवणारे म्हणूनही ओळखले गेले.

उलट दिशेनेही एक गोष्ट घडली. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडने १९९७ साली आशा भोसल्यांवर गाणं केलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. त्याचं नवं रूप १९९८च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सांगलीत जन्मलेल्या गायिकेचं नाव इंग्लंडच्या रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी होतं. ते लिहिणारे तजिंदर सिंग इंग्लंडमध्येच वाढलेले. त्यांच्यासाठी आशाताई म्हणजे परदेशातला रंगीत पडदा नव्हता, ते घरातल्या रेकॉर्डवरचं नाव होतं.

कोल्डप्लेकडे परत येतो, कारण त्यांच्या व्हिडिओंमध्ये ही सगळी गोष्ट सामावते. २००० साली ते जवळजवळ अनोळखी होते. ‘यलो’साठी जेम्स फ्रॉस्ट आणि अ‍ॅलेक्स स्मिथ या दिग्दर्शकांनी डॉर्सेटच्या स्टडलंड किनाऱ्यावर उन्हातली मोठी धमाल ठरवली होती. त्या दिवशी हवा बिघडली. ढोलवादक विल चॅम्पियन यांच्या आईच्या अंत्यविधीचाही तोच दिवस होता, म्हणून बाकी बँड आला नाही. उरला एकटा गायक क्रिस मार्टिन, ओला किनारा आणि पहाट. त्यांनी एकाच सलग दृश्यात, किंचित मंद गतीने, त्याला किनाऱ्याने चालत आणलं. बस. आजही तो पाहताना गळा दाटतो. २००२ साली जेमी थ्रेव्ह्ज यांनी ‘द सायंटिस्ट’ पूर्ण उलटा दाखवला. त्यासाठी मार्टिन महिनाभर गाणं उलट्या उच्चारांनी म्हणायला शिकले.

मधल्या काळात रेकॉर्ड खपायच्या बंद झाल्या. इंटरनेटवरून गाणी फुकट मिळू लागली आणि कंपन्यांनी व्हिडिओचा पैसा कापला. २००५ साली यूट्यूब आलं, ३० जुलै २००६ रोजी टॉप ऑफ द पॉप्सचा आठवड्याचा कार्यक्रम बंद झाला. लहान बँड पुन्हा युक्तीकडे वळले, मोठ्यांना मात्र जगभराच्या नजरा एका क्षणात खेचायच्या होत्या. त्यासाठी रंग हवा होता. रंगासाठी ते मुंबईला आले.

आणि वसईला. ही जागा काय आहे, ते त्या व्हिडिओत कुठेच कळत नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसई घेतली आणि तटाच्या आत चर्च, मठ, वाडे असं शहर वसवलं. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ते जिंकलं, त्यासाठी मराठ्यांचं रक्त किती सांडलं हे वसईत अजून सांगतात. १७८०च्या अखेरीस इंग्रजांनी किल्ला घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचं स्वातंत्र्य संपल्यात जमा झालं. आज छपरं गेलेली चर्चं आहेत, उघड्या कमानींतून येणारं ऊन आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, आणि तटाला लागून किल्लाबंदरच्या कोळ्यांच्या होड्या. मुंबईपासून इतक्या जवळ असा उजेड दुसरीकडे मिळत नाही. म्हणूनच ‘प्यार तूने क्या किया’मधलं ऊर्मिला मातोंडकरचं गाणंही इथेच चित्रित झालं होतं.

व्हिडिओ आला तसा वादही आला. साधू, मोर, होळी, देवाच्या वेषातलं पोर, बियॉन्सेचे अबू जानी-संदीप खोसला यांनी केलेले कपडे. भारत म्हणजे एवढंच का, असं अनेकांनी विचारलं. मला ती टीका बरीचशी पटते. होळी फाल्गुनात असते आणि चित्रीकरण ऑक्टोबरातलं, म्हणजे सणही मांडून घेतलेला. ‘यलो’ करणाऱ्यांना एक ओला किनारा पुरला, इथे मुंबईपासून वसईपर्यंत जमवूनही आठवणीत राहते ती फक्त रंगांची उधळण. कल्पनेचं काम पैशाने केलं की असं होतं. पण आमच्या गटावर तो व्हिडिओ टाकणाऱ्याचा आनंदही मी खोटा ठरवणार नाही. यूट्यूबवर तो अब्जाहून अधिक वेळा पाहिला गेला. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी कोल्डप्ले वांद्रे-कुर्ला संकुलात गायले आणि २०२५च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर तीन रात्री. वसई-विरारची कितीतरी पोरं तिथे होती.

किल्ल्यावर त्याचा परिणाम काय झाला? एकट्या कोल्डप्लेच्या माथी सगळं मारता येणार नाही, पण रविवारी तिथे लग्नाआधीच्या चित्रीकरणाला जोडपी इतकी येतात की कमानीसाठी रांग लागते. ड्रोन फिरतात, धुराच्या रंगीत नळकांड्या पेटतात, काही मंडळी पडक्या भिंतीवर चढतात. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित आहे. ‘किल्ले वसई मोहीम’सारखे स्थानिक कार्यकर्ते वर्षानुवर्षं तिथे साफसफाई आणि इतिहासाच्या फेऱ्या करतात. त्यांच्या कामाला गर्दीपेक्षा माहितगार माणसांची गरज आहे.

मला आस आहे ती वेगळ्याच व्हिडिओची. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी या रॅपर्सनी ‘मेरे गली में’ आपापल्या गल्लीत उभं राहून केलं, तेव्हा मुंबईची गल्ली कुणाच्या मागचा पडदा नव्हती. वसईत कोळीगीतं आहेत, कुपारी समाजाच्या लग्नांतली सामवेदी बोलीतली गाणी आहेत, बँडवाले आहेत, आणि हातात चांगला कॅमेरा असलेली शेकडो मुलं आहेत. चाकांवरची भिंत, झाडाखालचा पियानो, काचेखाली सोळा तास, यांतलं काही परवडणार नाही असं नाही. या मुलांना मी एवढंच सांगेन: आधी लिंडसे-हॉग, गॉवर्स, ग्लेझर आणि कनिंगहॅम यांचं काम नीट बघा. मग एव्हरशाईन सिटीतून रिक्षाने स्टेशन गाठा, पूल ओलांडून पश्चिमेची बस धरा, पारनाक्यावरून किल्ल्यात या. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी किल्लाबंदरच्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्यापाशी बसून त्याचं गाणं ऐका, आणि व्हिडिओ झाला की त्याखाली गायकाचं, दिग्दर्शकाचं आणि जागेचं, तिन्ही नावं लिहा.